पेशीचा दिंडीदरवाजा

जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांना दिंडीदरवाजा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. तिन्हीसांजा झाल्या कीं वाड्याचा मोठा दरवाजा लागे, त्याला आडवा अडसर पडे. आणि मग एखादा पाहुणा उशिरां आला तर सबंध दरवाजा उघडण्याची यातायात न करतां, त्याच दरवाजांत बसविलेली लहानशी दिंडी उघडून त्याला वांकून आंत घेत. काम झालें कीं दिंडी पुन्हां बंद. वाडाहि सुरक्षित आणि पाहुणाहि घरांत.

आज आम्ही वाचकांपुढें ज्या विषयाची माहिती ठेवणार आहों, त्याचें सारें मर्म या दिंडींत सांठविलेलें आहे. फरक इतकाच कीं, येथील वाडा साध्या डोळ्यांना दिसत नाहीं. तो वाडा म्हणजे आपल्या शरीरांतील जिवंत पेशी, आणि त्याची दिंडी उघडणारी किल्ली म्हणजे वीज.

अलीकडे रक्ताच्या दुर्धर रोगांवरील नव्या उपचारांच्या वार्ता वर्तमानपत्रांतून वरचेवर येत असतात. अशीच एक वार्ता आमच्या घरीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत मोठ्यानें वाचली जात होती. पेशींना विजेचा झटका देऊन त्यांच्यांत औषध घालतात, हें वाक्य ऐकतांच आजींनीं मध्येंच विचारलें, “अरे, विजेचा धक्का बसला तर धडधाकट माणूस जातो, मग ह्या एवढ्याशा पेशी जगतात कशा रे?” नातवाला नीटसें उत्तर देतां येईना. “अग आजी, थोडीशीच वीज देत असतील,” असें म्हणून त्यानें वेळ मारून नेली. आजींचा प्रश्न मात्र अगदीं मर्मावर बोट ठेवणारा होता. थोडीशी म्हणजे किती, आणि ती थोडी कशी करावयाची, या एका प्रश्नाभोंवतींच या शास्त्राचा गेल्या अर्ध्या शतकाचा इतिहास फिरत आलेला आहे.

पेशीची भिंत

मनुष्यदेहांतील प्रत्येक पेशी एका अत्यंत पातळ पापुद्र्यानें वेढलेली असते. हा पापुद्रा स्निग्ध द्रव्यांच्या दोन थरांचा असून त्याची जाडी अवघी ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारें दोन लाखावा भाग असते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, हें आपण स्वयंपाकघरांत रोज पाहतों. त्याच न्यायानें, पाण्यांत विरघळलेले मोठे रेणु हा तेलकट पापुद्रा ओलांडूं शकत नाहींत. साखर, क्षार इत्यादि नित्याच्या पदार्थांसाठीं पेशीनें आपले ठराविक दरवाजे ठेविले आहेत. अनोळखी आगंतुकाला तेथें थारा नाहीं. पेशी जगते ती या शिस्तीमुळेंच.

परंतु वैद्यास कधीं कधीं असा आगंतुक आंत पाठविणें अगत्याचें होतें. सिकलसेल या रक्तरोगाचेंच उदाहरण घेऊं. आपल्या विदर्भांत, नंदुरबारकडील आदिवासी भागांत, तसेंच मध्यप्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात या राज्यांत या रोगानें पुष्कळ कुटुंबें गांजलेलीं आहेत. १९१० सालीं शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं या रोगाचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. पुढें १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं रोगाचें मूळ रक्तांतील हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे, असें दाखवून दिलें. रोग्याच्या तांबड्या पेशी प्राणवायु सोडून दिल्यावर विळ्याप्रमाणें वांकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास असह्य वेदना भोगाव्या लागतात. एवढ्या साऱ्या यातनांचें कारण काय, तर आईबापांकडून आलेल्या आनुवंशिक मजकुरांतील एका अक्षराची चूक!

२०२३ सालच्या नोव्हेंबरांत ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें या रोगावरील ‘कॅसजेव्ही’ नांवाच्या उपचारास मान्यता दिली. त्याची रीत अशी: रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी रोग्याच्याच रक्तांतून वेंचून घेतात आणि त्यांत ‘क्रिस्पर’ नांवाची रेणूंची कात्री सोडतात. याच कात्रीच्या शोधाबद्दल इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना या दोन विदुषींना २०२० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गर्भावस्थेंत मुलाच्या रक्तांत निराळ्या जातीचें हिमोग्लोबिन असतें व जन्मानंतर तें हळूहळू बंद पडतें. ही कात्री त्याला बंद करणारी कळच तोडते, आणि तें निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हां तयार होऊं लागतें. मग तीव्र औषधानें रोग्याच्या मज्जेंतील जुन्या पेशी नाहींशा करून या सुधारलेल्या पेशी त्याच्या शरीरांत परत घालतात.

आतां मुख्य अडचण पाहा. कात्री कितीहि कुशल असली तरी ती आधीं पेशीच्या आंत गेली पाहिजे. कॅसजेव्ही तयार करतांना हें काम विजेकडूनच करवून घेतात. ज्या पेशींना हा झटका द्यावयाचा, त्या एका रोग्याच्या देहांतून मोठ्या सायासानें मिळविलेल्या मोजक्या पेशी असतात. झटक्यानें त्यांतल्या पुष्कळ दगावल्या तर पुरेशा पेशी हातीं लागत नाहींत, आणि त्या थकल्याभागल्या रोग्याला पुन्हां एकवार रुग्णालयांत जाऊन तासन् तास यंत्राला जोडून बसावें लागतें. आजींच्या प्रश्नाचें मोल हें असें आहे.

आंत जाण्याच्या वाटा

विजेवांचून दुसरा मार्गच नाहीं, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. एक मार्ग विषाणूंचा. पेशींत शिरणें हा तर त्यांचा पिढीजाद धंदाच. तेव्हां त्यांची रोगकारक शक्ति काढून घेऊन त्यांच्याच पाठीवर औषधी मजकूर लादून देतात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें व टाटा मेमोरियल केंद्रांत सिद्ध झालेला ‘नेक्सकार-१९’ हा रक्ताच्या कर्करोगांवरील उपचार या जातीचा आहे. त्यास २०२३ सालीं भारतांत मान्यता मिळाली, व ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें त्याचें लोकार्पण झालें. त्यांत रोग्याच्या संरक्षक पेशींना कर्करोग ओळखावयास शिकविणारा मजकूर अशा निःशस्त्र विषाणूंकरवींच पोंचवितात. दुसरा मार्ग स्निग्ध द्रव्यांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांचा; कोरोनाच्या साथींतील कांहीं लसींमुळें तो आतां बहुश्रुत झाला आहे.

या दोन्ही वाटा उपयुक्त आहेत. परंतु विषाणूच्या पाठीवर ठराविक मापापेक्षां मोठें ओझें मावत नाहीं, आणि शुद्ध विषाणु तयार करण्यास वेळ व पैसा फार लागतो. विजेचें तसें नाहीं. ओझें कोणतें आहे याची ती चौकशी करीत नाहीं, आणि काम झाल्यावर स्वतःचा मागमूसहि मागें ठेवीत नाहीं. दोष एकच, प्रमाण चुकलें कीं ती प्राण घेते.

विजेची किल्ली

ही घातक बाजूच शास्त्रज्ञांच्या आधीं दृष्टीस पडली. १९६७ सालीं सेल व हॅमिल्टन या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, तीव्र विजेच्या क्षणिक झटक्यांनीं सूक्ष्म जंतु मरतात, आणि हें मरण उष्णतेनें नव्हे, तर पापुद्र्यास झालेल्या इजेनें येतें. पुढें १९७२ सालीं एबरहार्ड नॉयमान व रोझेनहेक यांना असें आढळलें कीं, झटका बेताचा असेल तर पापुद्रा तेवढ्यापुरता सच्छिद्र होऊन पुन्हां पूर्ववत् होतो. आणि १९८२ सालीं नॉयमान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रीतीनें उंदराच्या पेशींत एक नवें जनुक घालून तें तेथें काम करूं लागल्याचें सिद्ध केलें. या क्रियेला ‘इलेक्ट्रोपोरेशन’ हें नांव रूढ झालें. मराठींत तिला विद्युत्-छिद्रण म्हणावयास हरकत नाहीं.

हें घडतें कसें? पेशीच्या बाहेर क्षारयुक्त पाणी, आंतहि क्षारयुक्त पाणी, आणि मध्यें तो तेलकट पापुद्रा. क्षारयुक्त पाण्यांतून वीज सहज वाहते. तेलांतून वाहत नाहीं. म्हणून बाहेरून विद्युद्दाब लावतांच विद्युत्भार पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंस येऊन थबकतात व एकमेकांना ओढूं लागतात. पापुद्र्याच्या दोन बाजूंतील फरक सुमारें १ व्होल्टपर्यंत चढला कीं त्या तेलकट थरांत पाण्याचे रेणु घुसतात आणि सूक्ष्म छिद्रें पडतात. १ व्होल्ट म्हणजे टॉर्चच्या एका सेलाहूनहि कमी. यांत एवढें काय, असें वाटेल. परंतु तो १ व्होल्ट ५ नॅनोमीटरच्या जाडींत कोंडलेला असतो. दर मीटरच्या हिशेबानें पाहिल्यास तो ताण २० कोटि व्होल्ट भरतो!

झटका एका सेकंदाच्या कांहीं हजाराव्या भागाहून अधिक टिकला नाहीं, तर कांहीं सेकंदांत किंवा मिनिटांत तीं छिद्रें आपोआप मिटतात. तेवढ्या अवकाशांत कात्री आंत सरकते. डी. एन. ए. सारखा ऋणभारित रेणु असेल तर त्याला वीज स्वतःच धनाग्राच्या दिशेनें ढकलते व पापुद्र्यावर नेऊन टेकविते. झटका लांबला किंवा दाब वाढला, तर मात्र छिद्रें मिटत नाहींत; पेशींतील जीवनद्रव्य बाहेर झिरपतें, बाहेरचें आंत येतें, आणि पेशी मरते. दिंडी उघडण्याऐवजीं दरवाजाच उखडला, असें म्हणा ना!

पात्रांतील गर्दी

प्रचलित रीतींत लाखों पेशी एका लहानशा चौकोनी पात्रांत द्रवासह घालतात. पात्राच्या समोरासमोरच्या दोन भिंतींवर धातूचे पत्रे असतात, आणि त्यांच्यांत बहुधा २ ते ४ मिलिमीटर अंतर असतें. १० मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीच्या पापुद्र्यावर १ व्होल्टचा फरक पाडावयाचा, तर गणितानें दर सेंटिमीटरला सुमारें १,३०० व्होल्ट लागतात. म्हणजे ४ मिलिमीटरच्या पात्राला ५०० व्होल्टांहून अधिक. एवढ्या दाबानें द्रव तापतो, पत्र्यांवर पाण्याचें विघटन होऊन बुडबुडे येतात, पत्र्यांलगतचा द्रव एकीकडे आम्ल तर दुसरीकडे अल्कधर्मी होतो, आणि धातूचे कणहि त्यांत उतरतात.

याहून मोठी अडचण गर्दीची आहे. पेशी लहानमोठ्या असतात, आणि झटका सर्वांस एकच. पेशी जितकी मोठी तितका तिच्या पापुद्र्यावर ताण अधिक. दुप्पट व्यासाच्या पेशीला निम्मा दाब पुरतो. त्यामुळें लहान पेशींची दिंडी उघडेल असा दाब लावावा, तर मोठ्या पेशी बळी पडतात. मोठ्यांना जपावें, तर लहान पेशी बंदच राहतात. चुलीवरच्या एकाच आंचेंत बारीक-जाड पोळ्या टाकल्यासारखें हें होतें. एक करपते, एक कच्ची राहते.

केसाएवढी पन्हळ

यावर शोधून काढलेला उपाय असा कीं, दाब कमी करावयाचा असेल तर अंतरच कमी करावें. दोन पत्र्यांतील अंतर ४ मिलिमीटरऐवजीं १०० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीइतकें केलें, तर त्याच १,३०० व्होल्टांच्या हिशेबानें अवघे १३ व्होल्ट पुरतात. टॉर्चचे नऊ सेल एकापुढें एक लावले तरी एवढें काम भागेल. शिवाय इतक्या अरुंद पन्हळींतील द्रव चहूं बाजूंनीं भिंतींना लागून असल्यामुळें त्यांतील उष्णता ताबडतोब निघून जाते. बशींत ओतलेला चहा पातेल्यांतल्या चहापेक्षां लवकर निवतो, तसेंच हें. अशा केसाएवढ्या पन्हळींतून द्रव खेळविण्याच्या विद्येस ‘मायक्रोफ्लुइडिक्स’ म्हणतात.

या पन्हळी घडवितात कशा, हेंहि मनोरंजक आहे. संगणकाचीं अंगें बनवितांना प्रकाशाच्या साह्यानें सिलिकॉनच्या चकतीवर जसें सूक्ष्म नक्षीकाम करतात, तसाच पन्हळींचा उंचवट्याचा साचा प्रथम तयार करतात. त्यावर पातळ सिलिकोन रबर ओततात, तें ऊब देऊन घट्ट झालें कीं सोलून काढतात, आणि कांचेच्या पट्टीवर चिकटवितात. मोदकाच्या साच्याच्या कळ्या जशा उकडीवर उमटतात, तशी साच्याची नक्षी रबरावर उमटते. नव्वदीच्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठाचे जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेनें ही मृदु साच्याची रीत पुढें आणिली, आणि एकाच साच्यावरून अनेक उपकरणें काढणें सोपें झालें.

पेशींसाठीं अशा उपकरणाचा उपयोग प्रथम करणाऱ्यांत कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाचे यॉंग ह्वांग व बोरिस रुबिन्स्की यांचें नांव घ्यावें लागेल. त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या उपकरणांत एका पातळ पडद्यास पेशीहून लहान असें एकच छिद्र ठेविलें होतें. त्यावर एक पेशी येऊन बुचासारखी बसे. मग विजेला जाण्यास त्या पेशीवांचून दुसरी वाटच उरत नसे. पापुद्रा बंद असेतों वीज वाहत नसे. दिंडी उघडतांच प्रवाह एकदम वाढे. ज्या क्षणीं पेशी उघडली तो क्षण प्रथमच असा मोजून सांगतां आला, व त्याहून एक कणभरहि अधिक वीज देण्याचें कारण उरलें नाहीं.

दुसरी युक्ति अमेरिकेंतील चांग लू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें आणिली. तींत झटके देणारें महागडें यंत्रच लागत नाहीं. दाब सतत एकसारखा ठेवतात आणि पन्हळ मध्यें अरुंद करतात. नदी खिंडींत शिरली कीं तिची धार जशी बळावते, तशी वीजहि अरुंद जागीं एकवटते. पन्हळ दसपटीनें अरुंद केली तर तेथील ताण दसपट होतो. रुंद भागांतून पेशी निर्धास्त वाहत येते, खिंडींत क्षणभर तिची दिंडी उघडते, आणि पुढच्या रुंद भागांत गेल्यावर मिटते. झटका किती वेळ द्यावयाचा, हें खिंडीची लांबी आणि द्रवाची गति यांवरून ठरतें. शिवाय पेशी एकामागून एक जात असल्यामुळें प्रत्येकीच्या वांट्यास जवळजवळ सारखाच झटका येतो.

२०११ सालीं ओहायो राज्य विद्यापीठाचे एल. जेम्स ली व त्यांचे सहकारी यांनीं याच्याहि पुढें मजल मारिली. त्यांनीं पेशी एका नॅनोमीटरांच्या मापाच्या नळीच्या तोंडाशीं बसविली. पापुद्र्यावर त्या टिंबाएवढ्या जागींच दिंडी उघडते, बाकी सबंध भिंत शाबूत राहते. आणि झटका लांबवून किंवा आंखडून किती माल आंत गेला याचें मापहि ठरवितां येतें. औषध पेशीगणिक मोजून देणें या रीतीनें शक्य झालें.

अजून काय अडतें?

इतकें वर्णन वाचून, आतां सारे प्रश्न सुटले, असा समज होऊं नये. अरुंद पन्हळ तुंबते. एखादी मृत पेशी किंवा पेशींचा लहानसा पुंजका अडकला कीं काम थांबतें. दुसरें, उपचाराला पेशी लागतात कोट्यवधि. एका खिंडींतून सेकंदाला १,००० पेशी गेल्या तरी १० कोटि पेशी जावयास एक दिवसाहून अधिक वेळ लागेल, आणि तोंपर्यंत देहाबाहेरच्या पेशी ताटकळणार. म्हणून शेंकडों खिंडी शेजारीं-शेजारीं घालून काम वांटून द्यावें लागतें, आणि त्या सर्व खिंडी तंतोतंत सारख्या असाव्या लागतात. प्रयोगशाळेंतील एक सुंदर उपकरण आणि रुग्णालयांत रोज भरंवशानें चालणारें यंत्र यांत पुष्कळ अंतर असतें.

तिसरी गोष्ट पैशाची. कॅसजेव्हीची अमेरिकेंतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे २०२३ सालच्या भावानें सुमारें १८ कोटि रुपये जाहीर झाली. ज्या आदिवासी कुटुंबांत हा रोग पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, त्यांना या आंकड्याचा अर्थहि लावतां येणार नाहीं. ही सारी किंमत कांहीं विजेच्या यंत्राची नव्हे. शुद्ध प्रयोगशाळा, तज्ज्ञांचा वेळ, रुग्णालयांतील दीर्घ वास्तव्य, संशोधनाचा खर्च, हें सर्व तींत आहे. तरीहि रोग्याच्या पेशी कमी वायां गेल्या, विषाणूंवांचून काम भागलें, आणि लहान यंत्रांत तें होऊं लागलें, तर खर्चाचा निदान एक भाग उतरेल, असें म्हणण्यास आधार आहे. नेक्सकार-१९ हा उपचार त्याच जातीच्या परदेशी उपचारांच्या मानानें सुमारें एक दशांश खर्चांत देतां येतो, हें आपल्याच मुंबईनें दाखवून दिलें आहे. सिकलसेलवरील क्रिस्पर उपचारासाठींहि दिल्लीच्या सी. एस. आय. आर. च्या संस्थेंत संशोधन झालें असून, २०२५ सालीं तें पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे पुढील कामासाठीं सोंपविण्यांत आलें.

तोंपर्यंत घरोघरीं करतां येण्याजोगी एक गोष्ट आहे. सिकलसेल असो वा त्याचाच सगोत्र थॅलेसेमिया असो, आईबाप दोघेहि दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक मनुष्य स्वतः बहुधा निरोगीच दिसतो. रक्त तपासल्यावांचून हें कळत नाहीं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यांत अशा तपासणीवरच भर दिलेला आहे. पत्रिका पाहणाऱ्या घरांनीं विवाहापूर्वीं वधूवरांच्या रक्ताची ही साधी तपासणीहि करून घ्यावी, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें.

आजींना आम्हीं हें सारें दुसऱ्या दिवशीं दुपारीं सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “म्हणजे दरवाजा ढकलायचा नाहीं, नुसती दिंडीची कडी काढायची; असेंच ना?” होय, असेंच. आणि ही कडी कमीत कमी धक्क्यानें कशी निघेल, याचाच शोध बर्कले, ओहायो व इतर ठिकाणच्या त्या केसाएवढ्या पन्हळींतून चालला आहे. त्याचें फळ एक दिवस गडचिरोलीच्या एखाद्या मुलापर्यंतहि पोंचावें, हीच आमची इच्छा.